खसखशीएवढी मेंढरं

...आणि वरतून मलाच विचारायलेत, “दिसायलेत का?” आता काय सांगू? खसखशीचा दाणा असतो ना, तो घ्या, त्याचे चार तुकडे करा, त्यातला एक पाण्यात टाका, त्या तुकड्याच्या मनात आलं तर तो हलणार, नाही आलं तर दगडाआड जाऊन बसणार, अन् हैदराबादहून नवरा फोनवर विचारणार, दिसायलेत का! मला डोळे दोनच आहेत हो! तेही लग्नाआधी सगळ्यांनी नीट बघून घेतलेले, तेव्हा कुणी म्हणालं नव्हतं की मुलीला किडे दिसले पाहिजेत!

तुम्हाला सांगते, मी तशी बोलत नाही. माहेर माझं पिंगळीचं, घराला लागून रेल्वे, गाडी आली की बाकीचे ओरडून बोलायचे अन् मी ती जायची वाट बघत गप्प बसायची. गाडी जायची, मी गप्पच राहायची. अन् नशिबानं नवराही तसाच! मल्हारराव मला बघायला आले तेव्हा चाळीस मिनिटं बसले, दोनदा चहा प्याले, अन् उठताना एकच वाक्य बोलले, “माझ्याकडं समुद्र आहे.” माझ्या बापानं मामाकडं बघितलं, मामानं बाहेरच्या उन्हाकडं बघितलं. परभणीत समुद्र! आमच्याकडं नळाला पाणी आलं की गल्लीत आवाज होतो, अन् ह्या माणसाच्या घरात समुद्र!

पण होता हो, खरंच होता. भाड्याच्या दोन खोल्या, त्यातली बाहेरची निम्मी खोली ह्या समुद्रानं खाल्लेली. चार फूट काचेची पेटी, आत दगड, दगडांवर प्रवाळ उमललेलं, निळे दिवे, पाणी घुसळणाऱ्या मोटारी. ह्यांनी पुण्यात काही वर्षं दवाखान्या-हॉटेलांत अशा पेट्या बसवायचं काम केलेलं, आता परभणीत पाणी शुद्ध करायची मशिनं दुरुस्त करतात. बापजाद्यांनी पेडगावच्या रानात मेंढरं राखली, अन् ह्यांनी ते रान सोडून शुद्ध केलेल्या पाण्यात मोजून मीठ घातलं अन् मासे राखले. आता ह्यावर सासरी कोण काय बोलणार? पोरगं दारू पीत नाही, पत्ते खेळत नाही, नुसतं पाण्यात बघत बसतं... बसू द्या!

तर ह्या समुद्रातले बाकीचे मासे शहाणे. वाळलेलं टाका, गोठवलेलं टाका, गुमान खातात. पण एक आहे मँडरिन. बोटाएवढा, निळा, अंगभर नारिंगी वेलबुट्टी, बँडवाल्याच्या कोटावर असते तशी, अन् फिरणं असं की नवरदेव नवे बूट चावायलेत म्हणून जपून जपून चालायलाय. ह्या राजाला लागतं काय? जिवंतच लागतं! अन् जिवंतात काय, तर कोपेपॉड! हे म्हणतात झिंग्या-खेकड्यांच्या भावकीतले आहेत, असतील बाई, मला तर पांढरा ठिपकाच दिसतो. हा मासा दिवसभर दगडाला टोचे मारत हिंडतो, एकेक पॉड वेचून खातो, पोट बारकं, त्यात काही साठत नाही, म्हणजे दिवसभर चरायला मिळालं तर जगतो, नाही तर पोट आत, मग अजून आत, मग... पुढचं मी बोलत नाही.

आणि लग्नाला दोन महिने झाले नाहीत तोवर कंपनीनं ह्यांना एक महिना हैदराबादला ट्रेनिंगला धाडलं. जाताना लोकांचे नवरे काय म्हणतात? काळजी घे म्हणतात, फोन करतो म्हणतात. हे दारात बॅग घेऊन उभे, मी पदराचा काठ धरून उभी, अन् म्हणाले काय, तर “त्याच्या पोटाकडं लक्ष ठेव.”

स्वयंपाकघराच्या ओट्यावर लोणच्याशेजारी एक मोठी बरणी, तीत पॉड, तीत बुडबुड्यांची नळी. बाजूला दोन बाटल्या हिरवं पाणी, पालक उकडून आठ दिवस विसरल्यासारखं, तो पॉडांचा खुराक. हिरवं पाणी पॉडांना, पॉड माशाला. “रोज सकाळी बरणीतला एकच कप टाकीत घालायचा, अन् दिसायलेत का बघायचं. अन् मायला काही सांगू नको, ती हसती.” एवढं सांगितलं अन् गेले.

आता मला सांगा, सासरचा पहिला जीव हातात दिलेला, तो माझ्या हातून मेला तर? भांडं फुटलं तर भांडं आणता येतं. पण नवी सून आली अन् महिन्याभरात नवऱ्याचा लाडका जीव उपाशी मेला, हे एकदा बोललं गेलं की पुढची चाळीस वर्षं प्रत्येक कार्यात बोललं जातं! नातू बारशाला रडला तरी म्हणतील, हिच्या हातून मासा मेला होता!

म्हणून पहिल्या दिवसापासून मी नेटानं लागले. एक काच हिरवट झालेली, ती घासून लख्ख केली. नव्या नवरीची परीक्षा कशात होते, घासण्यातच ना? रोज घासायची! अन् तो एक कप... एक कप? एवढ्याशा खसखशीचा एकच कप? आमच्या पिंगळीला पाहुण्याला एका वाढीवर उठवलं तर त्याला अपमान वाटतो! मी तीन कप घातले. भर उजेडात, त्याच्या तोंडासमोर, आग्रह करून. दुसऱ्या दिवशी तीन, तिसऱ्या दिवशी चार. बरणी अशी निवळत गेली, अशी निवळत गेली की पाचव्या दिवशी तिच्यातून पलीकडचं लोणचं स्वच्छ दिसायलं.

अन् दुपारी दीड वाजता फोन. “दिसायलेत का?”

“बघते,” म्हटलं.

आता ते दिसतात कधी, तर अंधारात बॅटरी मारल्यावर काचेवर. दुपारी दीडला अंधार कुठून आणू? सासरची घोंगडी होती, घरच्या मेंढरांच्या लोकरीची, बैलाएवढी जड. ती डोक्यावरून घेतली, अर्धी टाकीवर टाकली, अन् आत मी, मासा अन् बॅटरी. घाम नुसता! पलीकडून मासा माझ्याकडं बघायला, अलीकडून मी त्याच्या पोटाकडं. पोट आत गेलेलं. काच लख्ख. काही म्हणजे काही नाही! अन् माझ्या डोळ्यांतून पाणीच आलं हो.

तेवढ्यात घरमालकीण कुसुमबाई आत. त्यांना दिसलं काय, तर एक घोंगडी, खाली दोन पाय, अन् आतून हुंदका.

“अगं बाई! काय झालं? नवऱ्याचा फोन आला न्हाई का?”

“आला.”

“मंग रडायलीस कशाला?”

“दिसत नाहीत...”

“कोन दिसत न्हाई?”

आता काय सांगू? माझं बोलणंच तेवढं! संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं की मल्हारची नवरी अंगावर घोंगडी घेऊन रडायलीय, अन् तिला कोणीतरी दिसेना झालंय. अन् ती गोष्ट पेडगावला पोचायला वेळ लागतो का? तिसऱ्या दिवशी सकाळी दारात माझी सासू, कासाबाई, काखेत बोचकं, हातात तुपाचा डबा.

“आठ दिस ऱ्हाते,” म्हणाल्या. “एकटी पोरगी, येड लागंल.”

सासूला आम्ही आत्याच म्हणतो, अन् आत्याला घाबरायचं काही कारण नाही बरं का. तोंडानं फटकळ, पण भाकरीवर तूप पहिलं माझ्या. पण नजर! आयुष्यभर दोनशे मेंढरांत लंगडतं कोणतं ते लांबून ओळखलेली नजर. टाकीपुढं उभ्या राहिल्या, अन् एका दमात, “ह्येच्या भकाळ्या बसल्यात. आजारी हाय ह्ये.” भकाळी म्हणजे जनावराच्या कुशीतला खळगा, उपाशी असलं की आत जातो तो. माशाला कूस असते हे मला त्या दिवशी कळलं. अन् मी? मी गप्प. सांगू नको म्हणालेत ना हे! त्या हसतील ना!

फोन. “दिसायलेत का?”

“नाही.”

“...पोट?”

“आहे.” आता आहे ना, कुठं गेलंय का!

मग माझा धीरच सुटला हो. काच घासायची सोडून दिली. कशाला घासू, कुणासाठी घासू? चार दिवसांत मागच्या काचेवर पुन्हा हिरवी साय धरली. बरणीतून काही काढायचंही सोडलं, नुसतं हिरवं पाणी घालत राहिले, सवयीनं. अन् तुम्हाला सांगते, बाराव्या दिवशी सकाळी बरणीला डोळा लावला, तर ठिपके! उड्या मारायलेले! अन् घोंगडी घेऊन टाकीवर बॅटरी मारली, तर त्या हिरव्या सायीवर बारीक बारीक पांढरे, पन्नास, शंभर, काय माहीत किती! माझ्या हातापायांत जोरच आला. म्हटलं आज दीड वाजताच्या फोनला मी दोन वाक्यं बोलणार! म्हटलं चला, आज गोडाचं काही करू, अन् दुकानात रवा आणायला गेले.

वीस मिनिटं. जास्त नाही, वीसच मिनिटं!

परत आले तर आत्या दारात पदर खोचून उभ्या, चेहऱ्यावर असं समाधान, जत्रा करून आल्यासारखं. “बबे, तुझ्या माशाला उवा झाल्या व्हत्या गं!”

रवा माझ्या हातात.

“काचंवर नुसत्या वळवळायल्या व्हत्या! म्हनलं गरीब जनावर, तरीच खंगायलंय. आमच्या मेंढरांना गोचीड झाली की असंच व्हतं. घोंगडीचा तुकडा घेतला अन् चारी काचा पुसून काढल्या. अन् त्या बरणीत तर बुजबुजाट माय! तितूनच पसरल्या. रिकामी करून राखंनं घासली. बघ आता, कसं लख्ख दिसायलंय!”

दिसत होतं. खरंच लख्ख दिसत होतं. माझा समुद्र, माझी बरणी, माझं सासर, सगळं लख्ख! अन् तुम्हाला सांगते, दोन महिन्यांत पहिल्यांदा मी त्या घरात मोठ्यानं बोलले. म्हटलं, “आत्या, त्या उवा नव्हत्या! तो त्याचा चारा होता! जिवंत चारा! मी पाळला होता! ती... ती मेंढरं होती माझी!” अन् तिथंच उंबऱ्यावर बसून रव्याची पिशवी पोटाशी धरून जी रडले...

आत्या हसल्या नाहीत. खाली बसल्या माझ्यासमोर. तोंड उतरलेलं, गावात कुणी गेल्यावर असतं तसं. “मेंढरं?”

“हो.”

“किती व्हती?”

“...मोजली नव्हती.”

“मोजली न्हाईत!” आता मात्र कपाळावर हात. “बारा दिस मेंढरं पाळली अन् एक डाव बी मोजली न्हाईत? अगं, मंग मेली किती ती कळंल कशी?”

मग मी विचारलं, “बरणीतलं पाणी कुठं टाकलंत?” म्हणाल्या, “खारं पानी हाय ते, कुसुमबाईच्या कढीपत्त्याला घालते व्हय मी? मोरीत बादली हाय, तितंच हाय. तुकडा बी तितंच खळबळला.”

आम्ही दोघी मोरीत! बादलीवर घोंगडी, घोंगडीत दोन डोकी, बॅटरी, अन् ह्यांचं मशीन दुरुस्तीचं भिंग. तळाशी लोकरीच्या कचऱ्यात काहीतरी टुणकन उडालं. मग दुसरं. आत्या भिंगासकट आणखी खाली वाकल्या. “बबे... ही गाभन हाय.” म्हटलं कशावरून? “खाली पिशवी बघ की, अंड्यांची! मेंढराचं प्वाट मला शिकवतीस?”

अन् मग उलटतपासणी सुरू! मोरीतच!

“खात्यात काय?”

“हिरवं पाणी. अन् काचेवर साय धरते ती.”

“ती साय तू काय करतीस?”

“...घासते.”

“म्हंजी मेंढरं रानात सोडायची अन् रोज सकाळी रान नांगरून काढायचं! वा गं वा! अन् माशाला घालतीस कशी?”

“त्याच्या समोर ओतते. तीन कप. कधी चार.”

“भर उजेडात?”

“हो.”

“मोटार चालू ठिवून?”

“हो.”

“म्हंजी निम्मी त्या मोटारीत वढून जायली, निम्मी लांडग्याच्या तोंडात, अन् बियाला ठिवली काय? समदी कोकरं याच साली कापून खाल्ल्यावर फुडच्या साली राखायचं काय?” पाहुण्याला आग्रह केला हो मी... “अन् रातच्याला निजत्यात कुटं? वाघूर कुटं हाय?”

वाघूर म्हणजे रानात मेंढरांभोवती लावतात ती दोऱ्यांची जाळी, लांडगा आत येऊ नये म्हणून. म्हटलं, “वाघूर नाही.” आत्या माझ्याकडं अशा बघायल्या की जसं मी म्हटलं, घराला छप्पर नाही.

त्या दिवसापासून समुद्र आत्याच्या ताब्यात, अन् आठ दिवसांची बोली त्या विसरूनच गेल्या. भाजी धुवायची प्लास्टिकची जाळीची टोपली घेतली, ह्यांच्या डब्यातले समुद्री दगडांचे तुकडे तीत रचले, अन् टोपली टाकीच्या कोपऱ्यात सोडली. बारकं मेंढरू आतबाहेर करणार, लांडग्याचं तोंड मात्र जाळीबाहेर. पुढची काच मी पुसायची, माणसांना बघायला. बाकीच्या तीन काचा राखीव कुरण, बोट लावायचं नाही! बादलीतली तीन हिस्से मेंढरं पुन्हा बरणीत, बियाला. एक हिस्सा टोपलीत, तेही दिवे अन् मोटार बंद करून, हलक्या हातानं, जशी नवी मेंढरं कळपात सोडतात तशी. पाण्यात मीठ मुद्दाम मोजून घालतात हे कळल्यावर तर खूश, “मेंढराला मीठ लागतंयच की!”

पण लगेच होतं का हो? मासा आणखी वाळला. चार दिवस तो दगडाआडून बाहेर येईना. मला घास जाईना. आत्या रोज भिंग घेऊन बसायच्या अन् म्हणायच्या, “धीर धर. दुष्काळात बी ज्यानं बियाचं खाल्लं न्हाई, त्येचाच कळप उभा ऱ्हायला.” मला आतून वाटायचं, एक कप घालावा, फक्त एक कप, बघायलाही कोणी नाही... अन् बरणीला हात लावला की बाहेरच्या खोलीतून आवाज यायचा, “बबेऽऽ!” टाकीपुढं भिंग धरून बसल्या बसल्या! पाठीला डोळे बाईच्या!

अन् दीड वाजता फोन. “दिसायलेत का?”

माझ्या हातातून फोन आत्यानं ओढला. “मल्ह्या, तुझी माय बोलायली. तुला काय करायचं दिसायलेत का न्हाई? कळप ज्याच्या हाती त्यो बघून घील. बारा गावचं पानी मोजतूस, बायको जेवली का हे इच्यारलंस का एक डाव तरी? इच्यार!” अन् फोन माझ्या कानाला.

तिकडं हैदराबादची एक गाडी हॉर्न वाजवत गेली. मग ह्यांचा आवाज, एकदम बारका, “...जेवलीस का?”

अन् मला इतकं सुचेना, इतकं सुचेना... मी म्हटलं, “हो, बारीक बारीक दिसायलेत.”

आत्या पदर तोंडात घालून हसायल्या. हसतात हो त्या, हे खरंच होतं.

पण तुम्हाला सांगते, दिसायलेच! आठवड्यात मागच्या काचेवर पीठ भुरभुरल्यासारखे. टोपलीतल्या दगडांवर तर अशी जत्रा की कुसुमबाई बघायला आल्या अन् “शी बाई, घरात किडे पाळायलेत!” म्हणून गेल्या, तर आत्यानं मागून ऐकवलं, “दूध न्हाई मागायलो तुमाला त्येंच्यासाठी!” अन् एका सकाळी मँडरिन बाहेर आला. टोपलीजवळून जे चुकार पॉड निघायचे ते वेचायला लागला. टुक, टुक, टुक. एक दगड, दुसरा दगड. बँडवाल्याचा कोट पुन्हा चमकायला. अन् पोट... आत्यानं मला हाताला धरून ओढत नेलं, “बघ, भकाळ्या भरल्या!” दोघी काचेला नाक लावून उभ्या. माझ्या छातीवरचा महिन्याचा दगड उतरला हो. जगला! माझ्या हातून जगला!

रविवारी हे आले. बॅग दारात टाकली, बूट पायात, थेट टाकीपाशी. वाकले. काचेवर बघितलं. टोपलीत बघितलं. माशाकडं बघितलं, तर तो एवढा टम्म की वळताना जड जायला. मी पाण्याचा तांब्या घेऊन मागं उभी. वळले, माझ्याकडं नीट बघितलं, अन् म्हणाले, “बबिता, मला वाटलं नव्हतं...” नाव घेऊन! तीन महिन्यांत पहिल्यांदा! तांब्यातलं निम्मं पाणी माझ्या पायावर.

मग म्हणाले, अन् बघा, लग्नानंतरचं एवढं लांब वाक्य पहिलंच, “कंपनीवाले म्हणायले होते, तिकडंच सहा महिने थांबा, मोठी मशिनं शिका. मी नाही म्हणून आलो. म्हटलं माझ्या माशाचं कोण बघेल? पण आता तू आहेस म्हटल्यावर फिकीरच नाही. उद्या फोन करून हो म्हणतो.”

मी आत्याकडं बघितलं. आत्यानं खाली बघितलं, जायला बांधलेल्या बोचक्याची गाठ पुन्हा सोडायला लागल्या. म्हणाल्या, “धनगराच्या घरात असंच हाय, पोरी. बायको राखन चांगली करती म्हनलं की गडी निवांत लांब जातो. चा ठिव.”

चहा ठेवला. ठेवता ठेवता समुद्राकडं बघायले. महिनाभर मी देवाला हात जोडले, ह्याला मारू नको, ह्याला मारू नको! अन् हा मेला असता ना, तर नवरा घरी राहिला असता... आता कसला मरायलाय तो! तुम्ही फक्त पोट बघा त्याचं!